पहिलीच पुल रिक्वेस्ट आणि एकसष्ट फायली

वाचकाचं पत्र, थोडक्यात: ऐरोलीला राहणारे हे वाचक दिवसा महापेच्या एका कंपनीत नोकरी करतात आणि रात्री दोन मित्रांसोबत एक छोटी ओपन सोर्स पायथन लायब्ररी सांभाळतात. लाख-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम देणं, देवनागरी अंक वाचणं, मराठी तारखा लिहिणं एवढंच तिचं काम. तीन आठवड्यांपूर्वी कोपरखैरण्याच्या, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने आयुष्यातली पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हे बदल तुमच्या कोडमध्ये घ्या’ अशी विनंती, पाठवली. ६१ फायली, ४,२०० ओळी वाढल्या, २,९०० गेल्या, कमिट (बदलांची एक नोंद) एकच आणि त्याचं नाव ‘अपडेटेड कोड’. स्वल्पविरामाची दुरुस्ती, हिंदी-कोकणीची सोय, हलवलेले फोल्डर, नव्या टेस्ट, सगळीकडे फिरवलेलं ब्लॅक (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं टूल) आणि बॅबेल हे भाषेनुसार तारखा-आकडे लिहिणारं नवं पॅकेज, असं सगळं त्यात आहे. “दादा, बघितलंत का?” असे तिचे दोन मेसेज आले, पण वाचकांनी अजून उत्तर दिलेलं नाही. नाकारलं तर ती खचेल, घेतलं तर लायब्ररी मोडेल. एका शनिवारी बसून आपणच तुकडे पाडून तिच्या नावाने मर्ज करावं, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळावं का, आणि पुढे नवख्यांसाठी २०० ओळींची मर्यादा घालावी का, असा त्यांचा प्रश्न आहे. फायलींची यादी आणि कोडचे दोन तुकडे त्यांनी सोबत जोडलेत.

उत्तर:

आधी आजच्या आज करायचं काम सांगते. तिला उत्तर द्या, आणि त्यासाठी कोड वाचून होण्याची वाट बघू नका. तुम्ही ‘नाही’ म्हणालेला नाहीत हे खरं, पण तीन आठवड्यांच्या शांततेनंतर तिला त्यातला फरक कळायला काही मार्ग नाही. लिनक्स कर्नलच्या मार्गदर्शिकेत पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवणाऱ्याला निदान आठवडाभर थांबा आणि मग विचारा, असं सांगितलंय. ही मुलगी त्याहून जास्त थांबली आहे.

साधारण असं लिहा: “तुझं काम पोचलं, उत्तराला उशीर झाला, सॉरी. स्वल्पविरामाची दुरुस्ती आणि हिंदी-कोकणीची सोय आम्हाला हवी आहे. सगळं एकत्र असल्यामुळे ते नीट तपासता येत नाही, म्हणून आहे तसं मर्ज होणार नाही. कुठल्या क्रमाने आणायचं ते मी रविवारपर्यंत लिहून टाकतो. तोवर या ब्रँचवर नवीन काही जोडू नकोस.” शेवटचं वाक्य गाळू नका. उत्तर आलं नाही की नवखी माणसं हात बांधून बसत नाहीत, त्याच ब्रँचवर, म्हणजे कोडच्या आपल्या वेगळ्या फांदीवर, भर घालत राहतात आणि ६१च्या ८० फायली होतात.

आणखी एक बघा. पहिल्यांदाच पाठवणाऱ्याच्या पुल रिक्वेस्टवर गिटहब या कोड ठेवायच्या साइटचे आपोआप होणारे चेक सहसा मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने) परवानगी दिल्याशिवाय सुरूच होत नाहीत. तिच्या टेस्ट तीन आठवडे तशाच अडकून असतील. या चेकच्या आज्ञा असलेल्या वर्कफ्लोच्या फायलींत तिने काही बदललेलं नाही ना, एवढं पाहून ते बटण दाबा.

आता मूळ मुद्दा. अडचण ओळींच्या संख्येची आहे असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. एखाद्या फंक्शनचं नाव टूलने तीन हजार जागी बदललं तर ते दहा मिनिटांत तपासून होतं. उलट तारीख वाचणाऱ्या कोडमधल्या चाळीस ओळी अख्खी संध्याकाळ खातात. रिव्ह्यू करणाऱ्याला जड जातात ते निर्णय, आणि या पुल रिक्वेस्टमध्ये निदान पाच निर्णय एकमेकांत गुंतलेत: ब्लॅक वापरायचं का, फोल्डरांची रचना बदलायची का, बॅबेलवर अवलंबून राहायचं का, स्वल्पविरामाचं वागणं बदलायचं का, आणि नव्या भाषा घ्यायच्या का. यातल्या तिघांना तुमचं ‘हो’ असेल, एकाला ‘नाही’ आणि एकाला ‘बघू’. आज तिने तुम्हाला एकच बटण दिलंय, म्हणून तुमचा हात अडलाय.

दुसरं गृहीतक तिच्याबद्दलचं. तिला पद्धत माहीत नाही, म्हणून असं झालं, असं तुमच्या पत्रातून वाटतं. पण ती जिथून येते तिथली पद्धत तिने काटेकोर पाळली आहे. टर्मच्या शेवटी सबमिशन असतं. जर्नल पुरं झाल्याशिवाय सही मिळत नाही, आणि अर्धवट प्रोजेक्ट दाखवला तर मार्क जातात. अर्धं काम दाखवायचं नाही, हे तिला तीन वर्षं शिकवलं गेलंय. त्यात ओळख नसलेल्यांसमोर, जाहीरपणे, इंग्रजीत “हे केलं तर चालेल का?” असं विचारण्याचा संकोच असतोच. म्हणजे तिला ‘लहान पाठव’ एवढंच सांगून भागणार नाही. अर्धवट दिसणारं काम इथे हवं असतं आणि त्याचे मार्क जात नाहीत, हे तिला प्रत्यक्ष अनुभवायला मिळायला हवं.

तुमच्या यादीकडे वळते. चाळीसेक फायलींत वाढलेल्या आणि गेलेल्या ओळी जवळपास सारख्या आहेत. हे फॉर्मॅटरचं लक्षण. साधारण ५०० ओळी एकट्या लॉक फाइलच्या (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची आपोआप बनणारी यादी) आहेत. खरा बदल सहाशे-सातशे ओळींच्या घरात असावा. अंदाजावर राहू नका, मोजा. गिट या बदल नोंदवणाऱ्या टूलच्या ‘गिट डिफ -डब्ल्यू’ने मोकळ्या जागांचे फरक लपतील, पण इथे त्याचा उपयोग नाही, कारण ब्लॅक ओळी तोडतं, जोडतं आणि एकेरी अवतरणचिन्हं दुहेरी करतं. त्याऐवजी मेनवरून (मुख्य ब्रँचवरून) एक तात्पुरती ब्रँच काढा, तिने वापरलेल्याच आवृत्तीचं ब्लॅक तिथे फिरवा, कमिट करा आणि त्या ब्रँचशी तिच्या ब्रँचचा डिफ (फरक) काढा. उरेल ते तिचं काम. बहुतेक मोठ्या पुल रिक्वेस्ट या एका उपायाने निम्म्याहून खाली येतात.

तुम्ही जोडलेले दोन तुकडे मी वाचले, आणि एवढ्या गर्दीत ते का सुटले असते ते सांगते. पहिला स्वल्पविरामाचा. आकड्याची स्ट्रिंग करून शेवटचे तीन अंक वेगळे काढलेत आणि उरलेल्याचे उजवीकडून दोन-दोनचे गट पाडलेत. वजा एक लाख दिला की बरोबर ‘-१,००,०००’ येतं. तिची टेस्ट नेमकी याच आकड्याची आहे, म्हणून पास होते. वजा दहा हजार देऊन बघा, ‘-,१०,०००’ येईल. वजाचं चिन्हही अंकासारखं मोजलं जातं, त्यामुळे अंक तीन, पाच किंवा सात असले की ते एकटंच शिल्लक राहतं आणि त्याच्यापुढे स्वल्पविराम पडतो. चिन्ह आधी बाजूला काढून शेवटी जोडलं की काम झालं, दोन ओळींची दुरुस्ती. पण चार हजार ओळींत ही चूक दिसत नाही, चाळीस ओळींत दिसते.

दुसरा तुकडा देवनागरी अंकांच्या तक्त्याचा, सत्तर ओळींचा. त्याची गरजच नाही. पायथनच्या ‘इंट’ला ‘१२३’ ही देवनागरी स्ट्रिंग दिली तर ते थेट पूर्णांक देतं. आधी इश्यू (गिटहबवरची चर्चेची नोंद) उघडून विचारलं असतं तर तिची एक संध्याकाळ वाचली असती. हे तिला सांगताना मात्र तिच्या चुकीसारखं सांगू नका. तुमच्या रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फायलीत) आधी विचारा असं कुठे लिहिलंय?

क्रम ठरवताना सुरुवात बॅबेलपासून करा. यादीत तो एका ओळीचा बदल आहे, पण बाकीचं सगळं त्यावर लटकलंय. बॅबेलकडे महिन्यांची आणि वारांची नावं कितीतरी भाषांत तयार आहेत आणि हिंदीसाठी लाख-कोटीचे गटही ते पाडतं. ते घ्यायचं ठरलं तर तिने हाताने लिहिलेले बरेच तक्ते जातील. लायब्ररी कशावरही अवलंबून नसावी असं ठरलं तर तक्ते राहतील आणि बॅबेल जाईल. दोन्ही एकत्र ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. हा निर्णय तुम्ही तिघांनी घ्यायचा आहे, तिच्यावर ढकलू नका. एक इश्यू उघडा, तिला टॅग करा, दोन्ही बाजू चार ओळींत लिहा आणि आठवड्यात निकाल द्या.

ब्लॅकचं काम तुम्ही करा. फॉर्मॅटिंगचा कमिट नवख्याकडून घेऊ नये, कारण तो ओळ-न्-ओळ वाचून कोणी तपासत नाही आणि त्यात काहीही लपून जाऊ शकतं. तुम्हाला ब्लॅक नकोसं असेल तरी ठाम आक्षेप नसल्यास घेऊन टाका. तिच्या बदलांतून ते उपसून काढणं त्याहून महाग पडेल. उघड्या असलेल्या बाकीच्या पुल रिक्वेस्ट आधी निकाली काढा, नाहीतर प्रत्येकीत कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल) येतील. मग मेनवर फक्त ब्लॅकचा एक कमिट टाका आणि त्याचा हॅश (कमिटची ओळख देणारा क्रमांक) ‘.गिट-ब्लेम-इग्नोअर-रेव्ह्ज’ या फायलीत लिहा. गिटहबचं ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणारी सोय) तो कमिट आपोआप वगळतं. स्वतःच्या मशीनवर ‘ब्लेम.इग्नोअररेव्ह्जफाइल’ ही सेटिंग द्यावी लागते.

यानंतर तिची ब्रँच मेनशी जुळवताना ती अडकणार, म्हणून ही वाट तिला लिहून द्या. आधी ब्लॅकच्या *अगोदरचा* मेनचा कमिट आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करायचा आणि जे कॉन्फ्लिक्ट येतील ते सोडवायचे. मग ब्लॅकचा कमिट ‘गिट मर्ज -एस अवर्स’ने मर्ज करायचा, म्हणजे त्यातला मजकूर न घेता फक्त तो आला अशी नोंद होते. मग ब्लॅक पुन्हा फिरवायचं आणि कमिट करायचं. ‘-एस अवर्स’च्या जागी ‘-एक्स अवर्स’ टाइप झालं तर ते वेगळंच काम करतं, फक्त कॉन्फ्लिक्टच्या जागी आपली बाजू घेतं. आणि ‘-एस अवर्स’ फक्त त्या एका कमिटसाठी वापरायचं. पुढच्या मेनवर वापरलं तर इतरांचं काम गुपचूप पुसलं जाईल.

आता तुकडे. पहिली आज्ञा ‘गिट ब्रँच मूळ’. आहे त्या अवस्थेला नाव देऊन ठेवलं की काहीही बिघडलं तरी परत येता येतं, आणि नवख्याची निम्मी भीती इथेच जाते. मग त्याच जागेवरून दुसरी ब्रँच काढून ‘गिट रीसेट मेन’. फायली जशाच्या तशा राहतात, पण सगळे बदल कमिट न झालेले दिसू लागतात. त्यातून ‘गिट ॲड -पी’ने एकेक तुकडा निवडायचा: हवा तर ‘वाय’, नको तर ‘एन’, मोठा असेल तर ‘एस’ दाबून फोडायचा. मध्ये न बदललेली ओळ असेल तरच ‘एस’ने फुटतो, नाहीतर ‘ई’ दाबून हाताने छाटावा लागतो. अगदी नव्या फायली ‘-पी’ला दिसतच नाहीत, त्यांना आधी ‘गिट ॲड -एन’ लागतं. पुष्कळांना इथे वाटतं की आपला कोड उडाला.

याहून मोठा खड्डा पुढे आहे. निवडक तुकडा कमिट करायच्या आधी टेस्ट चालवल्या तर त्या पास होतात, कारण फोल्डरमध्ये अजून सगळाच कोड असतो. ज्या फंक्शनवर हा तुकडा अवलंबून आहे ते कदाचित पुढच्या कमिटमध्ये जाणार असतं. म्हणून सगळे कमिट झाल्यावर ‘गिट रीबेस --एक्झेक’ला पायटेस्टची (टेस्ट चालवणाऱ्या टूलची) आज्ञा देऊन मेनवर चालवायचं. ते प्रत्येक कमिटवर थांबून टेस्ट घेतं आणि जिथे मोडेल तिथे उभं राहतं. प्रत्येक पायरीवर लायब्ररी चालती हवी, कारण पुढे कधी ‘गिट बायसेक्ट’ने चूक शोधायची वेळ आली तर मधले मोडके कमिट सगळा शोध बिघडवतात. शेवटी ‘मूळ’ ब्रँचशी डिफ घ्यायचा. मुद्दाम सोडलेल्या गोष्टींखेरीज तो रिकामा आला की काही हरवलं नाही याची खात्री.

क्रम मी असा ठेवेन. पहिली पुल रिक्वेस्ट फक्त टेस्टची, लायब्ररी *आज* जशी वागते ते पकडणारी. यात मतभेदाला जागा नसते, त्यामुळे ती दोन दिवसांत मर्ज होते आणि तिला पहिला हिरवा टिळा मिळतो. मग स्वल्पविरामाची दुरुस्ती, ऋण आकड्यांसह. मग फोल्डर हलवणं, आणि त्यात इम्पोर्टच्या ओळींखेरीज काहीही नाही. गिट फाइल हलल्याची नोंद ठेवत नाही, दोन फायली निदान ५० टक्के सारख्या दिसल्या तर तसा अंदाज बांधतं. हलवून त्याच कमिटमध्ये भरपूर बदलही केले तर एक फाइल गेली आणि दुसरी नवीच आली असं दिसतं. मग बिचारा रिव्ह्यू करणारा जुना कोडही नवा समजून वाचत बसतो. नव्या भाषा सगळ्यात शेवटी, आधी हिंदी, मग कोकणी.

या चारही एकदम उघडायला लावू नका. तिची ब्रँच तिच्या फोर्कमध्ये (गिटहबवरच्या तिच्या स्वतंत्र प्रतीत) आहे, त्यामुळे दुसऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये पहिलीचे कमिटही दिसत राहतात आणि पुन्हा गर्दी होते. एक उघडी, बाकी तिच्याकडे तयार. तुम्ही स्क्वॉश करून (सगळे कमिट एकात दाबून) मर्ज करत असाल तर पहिली मर्ज झाल्यावर दुसरीत विचित्र कॉन्फ्लिक्ट येतील, कारण मेनवर तेच काम वेगळ्या हॅशने बसलेलं असतं. त्यावर उतारा ‘गिट रीबेस --ऑन्टो मेन पहिली दुसरी’. हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर रात्री एक वाजता तिला वाटेल आपणच काहीतरी बिघडवलं.

तुमच्या शनिवारच्या बेताबद्दल. एकट्याने बसून तुकडे पाडू नका. तिला त्यातून काहीच शिकायला मिळणार नाही, पुढची पुल रिक्वेस्टही अशीच येईल, आणि ज्या कोडमध्ये तुम्ही हात घातलात तो जन्मभर तुम्हीच निस्तराल. शनिवार द्यायचाच असेल तर तिच्यासोबत द्या. ऐरोली आणि कोपरखैरण्याच्या मध्ये रबाळे आणि घणसोली एवढीच स्टेशनं आहेत. एखादी लायब्ररी किंवा बसू देणारं कॅफे बघा, नाहीतर कॉलवर स्क्रीन शेअर करा. कीबोर्ड तिच्या हातात राहू द्या, तुम्ही फक्त ‘हा तुकडा कुठल्या कामाचा?’ विचारत राहा. मराठीत बोला. जे ठरेल ते त्याच रात्री इश्यूवर लिहून टाका, नाहीतर तुमच्या दोन मित्रांना वाटेल की निर्णय परस्पर होताहेत.

या बैठकीत आणखी एक कळून येतं. इतका कोड तिने स्वतः लिहिला की एआयकडून लिहून घेतला, ही शंका तुमच्या मनात असेल. सरळ विचारून तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. दोन जागा निवडा आणि “इथे असं का केलंस?” विचारा. सांगता आलं तर प्रश्न मिटला. नाही आलं तर तो भाग तिला समजेपर्यंत बाजूला.

रिव्ह्यूत पहिल्या फेरीत फक्त दिशा बघा: हे हवं का, जागा बरोबर आहे का, टेस्ट कशाची आहे. नावं, स्पेलिंग, डॉकस्ट्रिंग दुसऱ्या फेरीला. जो भाग उडणार आहे त्यातल्या नावांवर वीस कमेंट टाकणं म्हणजे दोघांचाही वेळ वाया. जी सूचना ऐच्छिक आहे तिथे ‘ऐच्छिक’ असं लिहा, कारण नवखी माणसं मेंटेनरचं प्रत्येक वाक्य हुकूम समजतात. आणि तिच्या परीक्षा कधी आहेत ते विचारून घ्या.

२०० ओळींचा नियम करू नका. गूगलने आपल्या रिव्ह्यूच्या पद्धती जाहीर केल्यात, त्यांत १०० ओळींचा बदल सहसा ठीक आणि १,००० ओळींचा सहसा फार मोठा, असं म्हटलंय खरं. पण तिथेच हेही आहे की एका फायलीतल्या २०० ओळी चालतील, त्याच ५० फायलींत विखुरल्या तर नाही चालणार, आणि भरवशाच्या टूलने आपोआप केलेला बदल मोठा असला तरी हरकत नाही. कर्नलवाले तर ओळी मोजतच नाहीत. एका पॅचमध्ये एकच तर्कसंगत बदल, आणि एका वेळी पंधराएक पॅचपेक्षा जास्त नकोत, एवढंच सांगतात. तुमचा नियम झाला तर लोक १९९ ओळींचे अर्थहीन तुकडे पाठवतील.

त्याऐवजी ‘काँट्रिब्यूटिंग’च्या फायलीत, शक्यतो मराठीतही, एवढं लिहा: फायली हलवणार असाल, नवं पॅकेज जोडणार असाल किंवा लोक वापरतात त्या फंक्शनचं वागणं बदलणार असाल, तर आधी इश्यू उघडा, मराठीत लिहिलं तरी चालेल, अर्धवट काम ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट म्हणून दाखवा, उत्तर सात दिवसांत मिळेल. शेवटचं पाळता येणार नसेल तर चौदा लिहा, पण आकडा लिहा. मोठ्या बदलाला तुम्हा तिघांपैकी एकाचं नाव लावा. पायथनमध्ये कोअर डेव्हलपर नसलेल्या माणसाला पीईपी (पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) मांडायची तर एक प्रायोजक लागतो. नवख्याने कोणाला विचारायचं हा प्रश्न त्याने सुटतो. तीन माणसांच्या प्रोजेक्टलाही ते जमण्यासारखं आहे.

आणि ती परत आलीच नाही तर? दोन आठवड्यांनी एक मेसेज टाका, “वेळ नसेल तर सांग, टेस्टचा भाग मी पुढे नेतो.” आणखी दोन आठवडे काही आलं नाही तर टेस्ट आणि स्वल्पविरामाची दुरुस्ती तुम्ही मेनवर आणा. कमिट करताना ‘--ऑथर’मध्ये तिचं नाव आणि ईमेल तिच्या मूळ कमिटमधून जसंच्या तसं घ्या, वजाच्या चिन्हाची दुरुस्ती तुमची म्हणून ‘को-ऑथर्ड-बाय’ची ओळ स्वतःच्या नावाने जोडा. मूळ पुल रिक्वेस्ट बंद करताना कुठला भाग कुठल्या कमिटमध्ये गेला ते लिहा आणि हिंदी-कोकणीचा इश्यू उघडाच ठेवा.